घोड्यांचा डॉक्टर आणि घरच्या गाडीचे टायर

परळचं व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं १८८६ साली. तेव्हाची मुंबई जरा डोळ्यांसमोर आणा. बैलगाड्या, व्हिक्टोरिया, रेकले. कुलाब्याहून पायधुणीला जाणारी ट्राम १८७४ पासून धावत होती, पण तीही घोडेच ओढायचे. म्हणजे शहर पळायचं ते जनावरांच्या जिवावर, आणि जनावरांचा डॉक्टर हा तेव्हाचा खरा गॅरेजवाला. गाडी बंद पडली म्हणजे घोडा लंगडला, एवढा सरळ हिशेब.

नेमक्या त्याच वर्षांत, आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात, मे स्ट्रीटवर एका व्हेटचा मोठा दवाखाना जोरात चालला होता. पन्नाशीकडे झुकलेला, दाढीवाला, शांत माणूस. दिवसभर घोडे तपासायचे आणि संध्याकाळी घरी जायचं, असं त्याचं आयुष्य. या माणसाने पुढे असं काही केलं, की रस्त्यावरचा घोडाच रिटायर व्हायला मदत झाली. त्याचं नाव जॉन बॉइड डनलॉप.

हे नाव तुम्ही टेनिसच्या बॉलवर वाचलं असेल. आजोबांना विचारलंत तर ते सायकलचा किंवा जुन्या ॲम्बेसेडरचा टायर आठवतील. पण डनलॉप हा ब्रँड होण्याआधी एक माणूस होता. त्याची गोष्ट आज सांगायचं कारण अगदी घरगुती आहे. बाबांनी जाहीर केलंय, यंदा गाडीचे टायर बदलायचे. मग काका एक साइज सांगतात, दुकानदार दुसरी सांगतो, मित्र म्हणतो जाडे टाक, भारी दिसतात. टायरच्या बाजूला लिहिलेले ते आकडे मात्र कोणी वाचत नाही. त्यातल्या बऱ्याच आकड्यांची सुरुवात या व्हेटच्या गोष्टीत सापडते.

नाजूक म्हणून वाढलेला मुलगा

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा. घरची शेती. तो सातव्या महिन्यात जन्मला असं आईने त्याला सांगितलेलं, त्यामुळे आपली तब्येत नाजूक आहे हे त्याने मनाशी पक्कं धरलं. आयुष्यभर तो स्वतःला जपून राहिला. गंमत म्हणजे पुढे ऐंशी वर्षं त्याला मोठा आजार झालाच नाही.

शेतावर जमेल असा हा मुलगा नव्हता, म्हणून शिकला. एडिनबरोला व्हेटर्नरीचा अभ्यास करून १९ व्या वर्षी पास झाला. आपल्याकडे त्या वयात एफवाय-एसवायची केटी सोडवायची धडपड चालू असते. काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६७ मध्ये तो आयर्लंडला गेला. आधी डाउनपॅट्रिक गावात भावासोबत दवाखाना काढला, मग बेलफास्ट. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सनशी लग्न झालं. एक मुलगी, एक मुलगा. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची प्रॅक्टिस आयर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या प्रॅक्टिसपैकी एक झाली होती.

थोडक्यात, सेट झालेला माणूस. इंजिनीअरिंगची डिग्री नाही, कारखाना नाही. पण व्हेटच्या कामात रबराशी आणि कापडाशी संबंध यायचा, बारीकसारीक उपकरणं तो स्वतः बनवायचा, आणि रस्त्यावरून ओझं ओढणाऱ्या जनावराला काय सोसावं लागतं हे त्याने जवळून पाहिलेलं. दगडी रस्त्यावरचा प्रत्येक धक्का शेवटी कोणाच्या तरी अंगात जातो, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

अंगणातली चाचणी

१८८७ चा ऑक्टोबर. डनलॉपचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. बेलफास्टचे रस्ते दगडी, आणि सायकलच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी. अशा सायकलवरून फिरलं की अख्खं अंग खिळखिळं व्हायचं. मुलाला त्रास होतोय, त्याचं डोकं दुखतंय हे बापाने बघितलं.

इथे सायकलचा थोडा इतिहास सांगायला हवा. आधीच्या सायकलींचं पुढचं चाक प्रचंड मोठं असायचं, तुम्ही जुन्या चित्रांत पाहिलं असेल. मोठं चाक खड्ड्यात कमी आपटतं. पण १८८५ मध्ये इंग्लंडात दोन्ही चाकं जवळपास सारखी, लहान आणि साखळीवर चालणारी सायकल आली. ती चालवायला सुरक्षित होती, पण लहान चाकांमुळे धक्के जास्त. म्हणजे सुरक्षितता मिळाली आणि आराम गेला. हा प्रश्न त्या वेळी हजारो लोकांना छळत होता. डनलॉपने मात्र तो फक्त आपल्या पोरासाठी सोडवायला घेतला.

त्याने पातळ रबराच्या पत्र्याची नळी केली, ती लाकडी चकतीभोवती गुंडाळली, वरून कापड ठोकून बसवलं आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग अंगणात साधी चाचणी केली. एका हाताने सायकलचं जुनं चाक ढकललं, मग ही हवा भरलेली चकती ढकलली. जुनं चाक थोडं जाऊन थांबलं आणि आडवं पडलं. हवेचं चाक अख्खं अंगण ओलांडून फाटकाच्या खांबाला आपटलं आणि उलट उसळून आलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तो शोधत होता आराम, पण सापडला वेग. भरीव चाक प्रत्येक दगडावर उचललं जातं आणि त्यात ताकद वाया जाते. हवेचं चाक दगडाला स्वतःत सामावून घेतं आणि पुढे सरकतं. म्हणजे मऊ चाक जास्त लांब जातं. हे त्या काळी कोणालाही उलटंच वाटलं असतं. त्याने जॉनीच्या सायकलच्या मागच्या चाकांना असे टायर बसवले, पोरगं खूश झालं, मग मोठ्या सायकलवर प्रयोग झाला. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्याला पेटंट मिळालं. तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. वय निघून गेलं असं विशीतच वाटायला लागलेल्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आधी हसले, मग हरले

लोकांनी हे फुगीर टायर बघितले आणि खो खो हसले. रेसिंगच्या सडपातळ सायकलींपुढे ते खरंच विचित्र दिसत. पण विली ह्यूम नावाचा बेलफास्टचा एक सायकलपटू ते लावायला तयार झाला. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती होत्या. ह्यूमने भाग घेतलेल्या सगळ्या शर्यती जिंकल्या. थोड्याच दिवसांत लिव्हरपूललाही त्याने तेच केलं, एक शर्यत सोडून बाकी सगळ्या खिशात. हसणं बंद झालं.

हरणाऱ्यांमध्ये डब्लिनच्या हार्वे ड्यू क्रॉस या व्यापाऱ्याची मुलं होती. बाप हुशार. मुलं का हरली यावर चिडत बसण्याऐवजी त्याने टायरकडे बघितलं. १८८९ मध्येच डब्लिनला कंपनी उभी राहिली. डनलॉपने आपले हक्क थोडी रोख रक्कम आणि थोडे शेअर घेऊन दिले. कंपनी चालवायची सूत्रं ड्यू क्रॉसकडे. आजच्या भाषेत डनलॉप झाला फाउंडर आणि ड्यू क्रॉस झाला सीईओ.

आपल्याआधी कोणीतरी होतं

आणि मग बॉम्ब पडला. पेटंट मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच कळलं, की ते टिकणार नाही. कारण हवेच्या टायरचं पेटंट दुसऱ्याच एका स्कॉटिश माणसाने ४० हून जास्त वर्षं आधी घेऊन ठेवलं होतं. रॉबर्ट विल्यम थॉमसन. साल १८४५, वय फक्त २३. त्याचे टायर घोडागाडीला लावून १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात चालवून दाखवलेही होते.

मग थॉमसनचं नाव आपल्याला का माहीत नाही? त्याची कल्पना चुकीची नव्हती, ती लवकर आली होती. त्या काळी पातळ, टिकाऊ रबर महाग आणि दुर्मीळ होतं. सायकल आलेली नव्हती. मोटार तर स्वप्नातही नव्हती. घोडागाडीतल्या श्रीमंतांना स्प्रिंगच्या सीट होत्या, त्यांना काय गरज? थॉमसनने नाद सोडला, दुसरी कामं केली आणि १८७३ मध्ये तो वारला. डनलॉपला हे सगळं ठाऊक नव्हतं, त्याने आपल्या डोक्याने आणि हाताने तीच गोष्ट पुन्हा शोधली. फरक एवढाच, की त्याच्या दारात सायकल उभी होती.

रिमचा आकडा कुठून आला

पेटंट गेलं तरी कंपनी वाचली, आणि इथून गोष्ट आपल्या गाडीपर्यंत येते. डनलॉपच्या पहिल्या टायरची मोठी अडचण अशी, की तो चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं उसकटून काढायचं, दुरुस्त करायचं आणि परत चिकटवायचं. रस्त्यात पंक्चर म्हणजे प्रवास संपला.

१८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रज माणसाने उपाय काढला. टायरच्या दोन्ही कडांमध्ये तार घालायची. तार ताणली जात नाही, त्यामुळे टायर रिममध्ये घट्ट बसतो, आणि हवा काढली की बाहेरही येतो. ड्यू क्रॉसने वेल्चचं पेटंट विकत घेतलं, सोबत रिमच्या दुसऱ्या एका पद्धतीचं आणि चांगल्या व्हॉल्व्हचंही. कंपनी या तीन गोष्टींवर उभी राहिली.

आता तुमच्या गाडीकडे बघा. टायरवर १६५/८० आर १४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला शेवटचा १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. त्या कडेतली तार वेल्चची. ती ताणत नाही, म्हणूनच १४ च्या रिमवर १४ चाच टायर बसतो, १३ किंवा १५ चा नाही. इथे ॲडजस्टमेंट नसते.

आर म्हणजे रेडियल. टायरच्या आतले धागे चाकाच्या मध्यापासून बाहेर, आडवे टाकलेले. ही पद्धत मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये आणली. याच मिशेलिन भावांनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार पळवली होती. पंक्चर इतके झाले की बघणारे कंटाळले असतील, पण मोटारीला हवेचे टायर चालतात हे सिद्ध झालं.

रबर कुठून आलं

या यशाची एक काळी बाजू आहे आणि ती गाळली तर गोष्ट अर्धी राहील. सायकल आणि मग मोटार, दोन्हींना टायर हवे, म्हणजे रबर हवं. तेव्हा रबर जंगलातून यायचं, ब्राझीलच्या आणि आफ्रिकेतल्या काँगोच्या. काँगो १८८५ पासून बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होती. युरोपात टायरची मागणी वाढली तशी तिथल्या गावांवर रबराची सक्ती आली. ठरलेलं रबर आणलं नाही तर बायका-मुलांना ओलीस धरायचं, फटके मारायचे, हात तोडायचे. लाखो माणसं मेली. जगभर बोंब झाली, तेव्हा कुठे १९०८ मध्ये राजाच्या हातून ती वसाहत गेली. पुढे मलाया, श्रीलंका आणि आपल्या केरळमध्ये रबराचे मळे उभे राहिले आणि जंगलातल्या रबराचा काळ संपला.

डनलॉपने हे केलं असं कोणी म्हणणार नाही. त्याने आपल्या मुलाची डोकेदुखी थांबवली होती. पण एका अंगणात निघालेल्या चांगल्या कल्पनेची किंमत दुसऱ्या खंडातल्या माणसांनी मोजली, हेही खरंच. आज मोबाइलच्या बॅटरीसाठी लागणारं कोबाल्ट त्याच काँगोतून येतं. म्हणून हा परिच्छेद जुना वाटून सोडून देऊ नका.

नाव कंपनीचं झालं

डनलॉप स्वतः कारखानदार नव्हताच. १८९० च्या दशकाच्या मध्यात तो कंपनीतून बाहेर पडला. १८९६ मध्ये ड्यू क्रॉसने कंपनी ३० लाख पौंडांना विकली. घेणाऱ्याने थोड्याच दिवसांत ती ५० लाखांना बाजारात आणली. या पैशांच्या पावसात डनलॉप जवळजवळ कोरडाच राहिला. तो डब्लिनमध्ये कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या व्यवसायात रमला.

त्याचं नाव मात्र कंपनीने ठेवून घेतलं. नुसतं नावच नाही, चेहराही. जाहिरातींत त्याला उंच, झोकदार कपड्यांतला, टोपी-काठीवाला छैलछबिला म्हणून रंगवलं जायचं. साध्या राहणीच्या या म्हाताऱ्याला ते मुळीच आवडलं नाही. आयुष्याच्या शेवटी स्वतःच्याच नावाच्या कंपनीविरुद्ध तो कोर्टात गेला आणि प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं. सोशल मीडियावर आपला फोटो कोणी भलताच एडिट करून टाकला तर कसं वाटेल? तेच त्याला वाटलं असणार.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये, सर्दीचं निमित्त होऊन, ८१ व्या वर्षी तो गेला. हवेच्या टायरचा इतिहास त्याने लिहून ठेवला होता, तो त्याच्यामागे पुस्तक होऊन आला. आज उत्तर आयर्लंडच्या १० पौंडांच्या एका नोटेवर त्याचं चित्र आहे.

मुंबईत तोवर काय झालं? घोड्यांची ट्राम जाऊन १९०७ मध्ये विजेची आली. तिची चाकं लोखंडी, रुळांवरची. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आता नावापुरतंच उरलंय. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, रबरी टायरवर. १९३६ मध्ये डनलॉप कंपनीने बंगालमध्ये साहागंजला टायरचा कारखाना काढला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली. रूळ जिथे नेतील तिथेच ट्राम जायची, हवेच्या चाकाला असं बंधन नव्हतं. शेवटी रस्ता त्याचाच झाला.

आता आपली गाडी

चला, आता दुकानात जाऊया. समजा घरात स्विफ्ट आहे. तिच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ टायर येतात, वरच्याला १८५/६५ आर १५. मित्र म्हणतो, मोठे रिम टाक. टाकायचे का?

आधी आकडे वाचू. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. भिंत वर आणि खाली दोन्हीकडे, म्हणून २६४. रिम १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. बेरीज ६१९.६. दुसरा टायर : १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, रिम १५ इंच म्हणजे ३८१. बेरीज ६२१.५. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही! कंपनीने रिम वाढवलं तेव्हा भिंत कमी केली आणि चाकाची एकूण उंची तीच ठेवली. साइज बदलायची असेल तर हा पहिला नियम.

आता चूक कशी होते बघा. रिम तेच ठेवून कोणी १८५/८० आर १४ टाकला. उंची होते ६५१.६, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त वाढ. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८४ ने पळत असेल. खड्ड्यात किंवा वळणावर टायर आतल्या बाजूला घासू शकतो. भारी दिसण्याची ही किंमत. म्हणून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये किंवा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर ज्या साइज दिल्यात, त्यांच्या बाहेर जाऊ नका.

मग त्या दोनांतली कुठली घ्यायची? इथे रस्ता बघायचा. उंच भिंत म्हणजे जास्त हवा, जास्त गादी. खड्डा, उखडलेले पेव्हर ब्लॉक, पावसात पाण्याखाली लपलेली कड, हे सगळं उंच भिंत सोसते. बुटकी भिंत वळणावर घट्ट बसते, पण खड्ड्यात आपटली की भिंतीला फुगा येऊ शकतो किंवा रिम वाकू शकतं. डनलॉपने अंगणात जे दाखवलं तेच इथे लागू पडतं. धक्का कोणी तरी खायचाच आहे. हवेने खाल्ला नाही तर रिम खाईल, नाहीतर तुमची कंबर. गाडीला १४ चे रिम असतील आणि रोजचा रस्ता लालबाग-परळचा असेल, तर १५ चे टाकायला काही कारण नाही.

साइजपुढे अजून एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ८२ टी. ८२ म्हणजे एका टायरची वजन उचलायची क्षमता ४७५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवा टायर घेताना हे दोन्ही जुन्यापेक्षा कमी नकोत. वेगाचं सोडा, वजनाचं बघा. गणपतीला गिरगावातून, लालबागमधून गाड्या कोकणात निघतात तेव्हा आत पाच माणसं, डिकीत सामान, वर कॅरिअरवर पिशव्या. मुंबई-गोवा हायवेवर टायरची खरी परीक्षा तेव्हा होते. स्टिकरवर हवेचे दोन आकडे असतात, एक नेहमीचा आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीचा. निघायच्या दिवशी दुसरा आकडा वापरा आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. पंपवाला नायट्रोजन भरू का विचारेल. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. काय भरली यापेक्षा किती दिवसांनी तपासली हे महत्त्वाचं.

गोटा आणि म्हातारा

टायर कधी बदलायचा? दोन कारणं. पहिलं, तो गोटा झाला. टायरवरच्या खाचा पाणी बाहेर फेकायला असतात. हिंदमाताला पाणी भरलं की तिथून कोणी वेगाने जात नाही, खरा धोका एक्स्प्रेस वेवर, पाण्याच्या पातळ थरावर असतो. खाचा संपल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक, स्टिअरिंग काहीच ऐकत नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने तीच शेवटची मर्यादा. मुंबईच्या पावसासाठी तिथपर्यंत थांबूच नये.

दुसरं कारण आपल्याकडे जास्त लागू आहे. गिरगाव-दादरची कितीतरी घरं रोज लोकलने आणि बसने फिरतात. गाडी बिल्डिंगखाली आठवडा-आठवडा उभी. वर्षाला किलोमीटर मोजकेच, त्यामुळे खाचा मस्त दिसतात आणि बाबा म्हणतात, टायर तर नवेच आहेत. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं, कडक होतं, भिंतीला बारीक भेगा पडतात. टायरच्या भिंतीवर चार आकडे शोधा. २३२४ असेल तर तो २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनला. पाच वर्षं झाल्यावर दरवर्षी तपासून घ्या आणि खाचा कितीही चांगल्या असल्या तरी दहा वर्षांपुढे वापरू नका, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. नवा टायर घेतानाही हाच आकडा बघा, दुकानात पडून राहिलेला जुना माल नको. आणि डिकीतली स्टेपनी विसरू नका, तीही त्याच वयाची असते.

बजेट दोनच टायरचं असेल तर? नवे दोन मागे लावा. बहुतेकांना वाटतं पुढे, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, हे निदान हातात जाणवतं. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि नव्या ड्रायव्हरला काही करता येत नाही. एकाच एक्सलवर दोन वेगळ्या साइजचे किंवा वेगळ्या नक्षीचे टायर नकोत. बसवल्यावर अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्या, नाहीतर नवे टायर एकाच बाजूने झिजतील.

हे सगळं बाबांना सांगायला तुम्ही मेकॅनिक असायची गरज नाही. डनलॉपही नव्हता. त्याने आपल्या पोराला होणारा त्रास बघितला, हाताशी होतं ते घेतलं आणि दोन चाकं ढकलून कुठलं लांब जातं ते मोजलं. आपल्याला तर ढकलायचंही नाही, उत्तर टायरवर छापलेलं आहे. गावी निघायच्या आदल्या आठवड्यात गाडीशेजारी उकिडवे बसा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि पाचही टायर वाचून काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि मागच्या सीटवर आजी बसणार आहे.